क्लाउडवर टाकलं म्हणजे बॅकअप झाला? नाही हो

"सगळा डेटा आता क्लाउडवर आहे, बॅकअपचं टेन्शन संपलं" हे वाक्य कितीतरी वर्षं फिरतंय आणि ते चूक आहे, म्हणून जरा नीट सांगतो.

10 मार्च 2021 च्या रात्री फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या जागेला, आग लागली. तिथली एसबीजी-2 नावाची पाच मजली इमारत जळून गेली, आणि ज्यांची दुसरी कॉपी दुसऱ्या ठिकाणी नव्हती त्यांचा डेटा कायमचा गेला. रस्ट गेमच्या युरोपातल्या 25 सर्व्हरवरचा डेटा असाच गेला, परत मिळालाच नाही. क्लाउड म्हणजे शेवटी कुणाच्या तरी इमारतीतल्या डिस्कच ना.

आता लोक म्हणतात की मोठ्या कंपन्या तीन-तीन कॉपी ठेवतात. ठेवतात, खरंय, पण त्या डिस्क बिघडली तर म्हणून असतात, तुम्ही चुकून फोल्डर डिलीट केलं किंवा रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली अडकवणाऱ्या व्हायरसने) फाइली लॉक केल्या तर तोच बदल तिन्ही कॉप्यांमध्ये जातो. अ‍ॅमेझॉनच्या एस-3 या फाइल साठवायच्या क्लाउड सेवेमध्ये फाइलींची जुनी व्हर्जन राखायची सोय आहे पण ती आपोआप चालू नसते, आपणच चालू करावी लागते, आणि इथेच बरेच जण फसतात.

फेब्रुवारी 2011 मध्ये जीमेलच्या काही लोकांचे मेल गायब झाले होते, सॉफ्टवेअरमधल्या बगमुळे. कॉप्या वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये होत्या तरी उपयोग झाला नाही, शेवटी गूगलने ते मेल टेपवरून (कॅसेटसारख्या चुंबकीय फितीवरून) परत आणले. हो, टेप! ती ऑफलाइन होती, म्हणजे चालू सिस्टिमला जोडलेली नव्हती, म्हणून त्या बगपासून वाचली.