रशियातल्या अपंगांच्या हक्कांचा प्रश्न नेमका आला कुठून

रशियात आज रॅम्प, लिफ्ट, नोकरी, पेन्शन यावरून अपंग लोक जे भांडतायत ते कळायला १९३२ पर्यंत मागं जावं लागतं. त्या वर्षी सोव्हिएत सरकारनं अपंगांचे तीन गट पाडले आणि गट ठरणार कशावरून, तर माणूस काम किती करू शकतो यावरून. पहिल्या गटाला कायम दुसऱ्याचा आधार लागणार, दुसरा कामातून गेलेला, तिसऱ्याला हलकं काम जमेल. डॉक्टरांचं कमिशन बसायचं, गट ठरवायचं आणि मग त्यानुसार पेन्शन. माणसाला जगायला काय लागतं हे त्यात कुठं नव्हतंच, आणि मला तरी सगळ्याचं मूळ इथंच दिसतं.

अंध आणि कर्णबधिरांच्या संघटना १९२५-२६ पासून होत्या, त्यांचे स्वतःचे कारखाने होते, क्लब होते, हे खरंच मोठं काम होतं. पण व्हीलचेअरवाल्यांना देशभरची संघटनाच नव्हती, त्यात शहरोशहरी बिनलिफ्टच्या पाचमजली इमारती, म्हणजे वरच्या मजल्यावर घर मिळालं की माणूस घरातच अडकला.

१९७८ ला व्हालेरी फेफेलोव, युरी किसेल्योव वगैरेंनी हक्कांसाठी एक छोटा गट काढला. फेफेलोव इलेक्ट्रिशियन होता, कामावर पडून मणका गेलेला. गटाची मागणी एवढीच की आम्हाला आमची संघटना काढू द्या, तर केजीबी मागं लागली आणि १९८२ ला फेफेलोवला देश सोडून पश्चिम जर्मनीला जावं लागलं. त्याच काळात १९८० ला मॉस्कोत ऑलिम्पिक झालं पण पॅरालिम्पिक घ्यायला सोव्हिएतनं नकार दिला, ते नेदरलँड्समध्ये आर्नहेमला झालं. आपले मुरलीकांत पेटकर १९७२ लाच पॅरालिम्पिकचं गोल्ड घेऊन आलेले, आणि एवढ्या मोठ्या क्रीडा महासत्तेची टीम उन्हाळी पॅरालिम्पिकला पहिल्यांदा उतरली ती थेट १९८८ ला सोलमध्ये! सर्व प्रकारच्या अपंगांची रशियाव्यापी संघटनाही त्याच वर्षीची.

मग १९९१ ला देशच फुटला. सरकारी ऑर्डरी आटल्या, अंध-बधिरांचे कारखाने डबघाईला आले, आणि सरकारनं मदत म्हणून संघटनांना करमाफी दिली तर त्यात गुंड घुसले. अफगाण युद्धातल्या अपंग सैनिकांच्या फंडाला दारू-सिगारेट आयातीत सवलत होती, त्या पैशावरून खून पडले, नोव्हेंबर १९९६ ला मॉस्कोच्या एका स्मशानभूमीत फंडाच्या मारल्या गेलेल्या प्रमुखाला श्रद्धांजली वाहायला जमलेल्या लोकांमध्ये बॉम्ब फुटला, १४ जण गेले. ज्यांच्या नावानं ही सवलत होती त्या सैनिकांच्या हाती काय आलं असेल?

अपंगांच्या सामाजिक संरक्षणाचा १९९५ चा कायदा कागदावर चांगला होता. पण २००५ च्या जानेवारीत फुकट प्रवास, औषधं काढून त्याऐवजी रोख रक्कम दिली, ती पुरेना, आणि ऐन थंडीत पेन्शनवाले आणि अपंग रस्त्यावर उतरले. पुढं २०१२ ला रशियानं संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार मंजूर केला, दोन वर्षांनी सोचीत पॅरालिम्पिकही घेतलं. पण मानसिक आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना ठेवायच्या सोव्हिएत काळापासूनच्या बंद सरकारी संस्था त्यानंतरही चालूच राहिल्या, तिथं राहणाऱ्यांची संख्या लाखाच्या वर होती.