टिनियन : ‘सुरक्षित’ झालेल्या बेटावरचे वर्ष

दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील मारियाना द्वीपसमूहात अमेरिका आणि जपान यांच्यात झालेली टिनियन बेटाची लढाई २४ जुलै १९४४ रोजी सुरू झाली आणि १ ऑगस्टला संपली, असे बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. यातली पहिली तारीख निर्विवाद आहे, दुसरी मात्र एका शब्दाच्या आधारावर उभी आहे. १ ऑगस्टच्या संध्याकाळी सात वाजण्याच्या सुमारास अमेरिकी सेनापतीने बेट ‘सिक्युअर्ड’ झाल्याचे जाहीर केले. मराठीत या शब्दासाठी कुणी ‘काबीज’ लिहितो, कुणी ‘सुरक्षित’. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतील असे टिनियनवर राहिलेल्या कुणालाही वाटले नसते.

लष्करी व्यवहारात त्या घोषणेचा अर्थ मर्यादित होता. शत्रूचा संघटित प्रतिकार मोडला आहे, आपल्या तुकड्या बेटाच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचल्या आहेत, तेव्हा चढाई करणाऱ्यांना मोकळे करून बेटाचा कारभार तिथल्या लष्करी ठाण्याच्या अधिकाऱ्यांकडे सोपवायला हरकत नाही, एवढेच तिच्यातून सांगायचे होते. जपानच्या मुख्य भूमीपर्यंत जाऊन परत येऊ शकतील अशा बॉम्बफेकी विमानांसाठी इथे धावपट्ट्या हव्या होत्या, त्यामुळे ही घाई समजण्यासारखी आहे. पण दुसऱ्याच दिवशी, २ ऑगस्टच्या पहाटे, सुमारे २०० जपानी सैनिकांनी एका बटालियनच्या मुख्यालयावर हल्ला चढवला, आणि त्याच दिवशी त्या बटालियनचा प्रमुख मारला गेला. दक्षिणेकडील कड्यांच्या गुहांमध्ये सैनिक आणि कुटुंबेच्या कुटुंबे लपलेली होती. शरण आलेल्या जपानी नागरिकांनी ध्वनिक्षेपकावरून केलेली आवाहने ऐकून अनेक जण बाहेर आले, काहींनी मात्र मुलांसह कड्यावरून उड्या घेतल्या. उरलेल्यांचा शोध घेण्यासाठी एक रेजिमेंट मागे ठेवण्यात आली. १९४४ संपेपर्यंत या शोधमोहिमेत पाचशेहून अधिक जपानी मारले गेले आणि अमेरिकेचे ३८ सैनिक ठार, तर सव्वाशेच्या आसपास जखमी झाले. बेट ताब्यात आल्यानंतरची किरकोळ हानी म्हणून या ३८ जणांची वेगळी नोंद करणे कागदोपत्री बरोबर असेल, पण ज्या गोळीने ते मेले ती लढाईचीच होती आणि त्यांची गणना लढाईतच व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. सतराव्या शतकात स्पॅनिश सत्तेने इथल्या मूळच्या चामोरो लोकांना हलवून बेट जवळपास ओसाड केले. पुढे ते जर्मनीकडे आणि १९१४ मध्ये जपानकडे गेले. जपानी अमलात बेटाचा बहुतेक भाग उसाखाली आला आणि ऊस लावण्या-तोडण्यासाठी मुख्यतः ओकिनावातून आणि काही प्रमाणात कोरियातून माणसे आणली गेली. अमेरिकी सैनिक उतरले ते या उसाच्या फडांमध्ये.

पावसाळा ऐन भरात असताना छावण्या उभ्या राहिल्या. पुरले न गेलेले मृतदेह, माश्यांचे थवे, तंबूंत शिरणारा चिखल आणि डासांमुळे पसरणारा डेंग्यू हे पहिल्या आठवड्यांचे वास्तव होते. शेजारच्या सायपानवर तर डेंग्यू आटोक्यात आणण्यासाठी विमानांतून डीडीटी फवारावे लागले. नौदलाच्या बांधकाम दलाचे सुमारे १५ हजार लोक इथे कामाला लागले. प्रवाळाचा खडक सुरुंगाने फोडायचा, तो ट्रकने आणून पसरायचा, त्यावर समुद्राचे खारे पाणी मारायचे आणि रोलर फिरवायचा. खाऱ्या पाण्याने प्रवाळाची भुकटी घट्ट बसते आणि वर डांबराचा थर दिला की अवजड विमान पेलणारी जमीन तयार होते. हे काम दिवसरात्र चाले, आणि रात्री प्रकाशझोतांच्या पलीकडे अन्नाच्या शोधात आलेला एखादा जपानी सैनिक असू शकतो हे कामगारांना माहीत असे. अशा प्रत्येकी सुमारे २,६०० मीटर लांबीच्या सहा धावपट्ट्या झाल्या, चार उत्तरेच्या मैदानात आणि दोन पश्चिमेच्या. बेटाचा आकार न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनसारखा दिसतो म्हणून रस्त्यांना ब्रॉडवे, एट्थ अव्हेन्यू, फॉर्टी सेकंड स्ट्रीट अशी नावे दिली गेली. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या माणसांना आपला पत्ता ओळखीचा वाटावा, ही त्यामागची भावना खरीच होती.

त्याच बेटावर आणखी एक छावणी होती, आणि तिच्याविषयी फार कमी लिहिले जाते. चुरो येथे, उद्ध्वस्त झालेल्या एका वसाहतीच्या अवशेषांवर, दहा हजारांहून अधिक जपानी, ओकिनावी आणि कोरियन नागरिकांना कुंपणाआड ठेवण्यात आले. मोडलेले पत्रे आणि फळकुटे गोळा करून त्यांनी निवारे बांधले, भाजीपाला पिकवला. मुलांसाठी शाळाही सुरू झाली. हे लोक त्या बेटावर वर्षानुवर्षे राहत आले होते, म्हणजे आपल्याच गावात ते कैदी झाले होते. विमानांचे उड्डाण १९४५च्या सुरुवातीपासून नेमाने होऊ लागले. ६ आणि ९ ऑगस्टला हिरोशिमा आणि नागासाकीकडे निघालेली विमाने उत्तरेच्या मैदानातूनच उडाली, आणि तेव्हाही चुरोची छावणी माणसांनी भरलेलीच होती. तिथल्या लोकांना परत पाठवण्याचे काम १९४६ मध्ये पुरे झाले.

टिनियनवर लपून राहिलेला शेवटचा जपानी सैनिक १९५३ मध्ये सापडला, म्हणजे बेट ‘सुरक्षित’ झाल्याच्या घोषणेला तेव्हा नऊ वर्षे होत आली होती. आज उत्तर मारियाना बेटे अमेरिकेच्या अधिपत्याखाली आहेत आणि टिनियनचा सुमारे दोन तृतीयांश भाग लष्कराला भाडेपट्ट्याने दिलेला आहे. ब्रॉडवे आणि एट्थ अव्हेन्यू ही नावे अजून वापरात आहेत. रानाने गिळलेले उत्तरेचे मैदान पुन्हा वापरात आणण्याची योजना २०२३च्या अखेरीस जाहीर झाली आणि त्यानंतर प्रवाळाच्या त्या धावपट्ट्यांवरची झाडी तोडायला सुरुवात झाली.