नवीन ज्यू वर्षाचा चिकाचा हलवा

रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, तिश्री महिन्याच्या प्रतिपदेला येतं, साधारण आपल्या घटस्थापनेच्या आगेमागे. कोकणातले बेने इस्राएल ज्यू त्याला ‘नव्याचा सण’ म्हणत, आणि त्यांच्याकडे या दिवशी गोड म्हणजे चिकाचा, भिजवलेल्या गव्हाच्या सत्त्वाचा, हलवा.

अलिबागजवळच्या नवगावला आपले पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले, ही या समाजाची परंपरागत कथा. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात ‘शनवार तेली’. भाषा मराठी झाली, स्वयंपाकही कोकणी झाला, पण खाण्याचे निर्बंध सुटले नाहीत. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये या तोरा ह्या ज्यू धर्मग्रंथातल्या आज्ञेवरून मांस आणि दूध एका जेवणात वर्ज्य. सणाला मटण तर हवंच. मग खवा, बासुंदी बाद. दारातला नारळ मात्र चालतो, त्याचं दूध जनावराचं नव्हे. चीक काढायची रीत कुरडईचीच.

अर्धा किलो गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज दोनदा बदलायचं. आळस केला तर आंबूस वास शेवटपर्यंत जात नाही. वाटून, कापडातून पिळून चीक रात्रभर ठेवावा आणि वरची निवळी ओतून टाकावी. दोन मोठ्या नारळांचं दूध घ्यावं, जाड वेगळं, पातळ वेगळं. पातळ दुधात चीक सारखा करून मंद आचेवर पारदर्शक होईतो ढवळावा, मगच अर्धा किलो साखर. साखर आधी पडली तर ती पाणी धरून ठेवते, चीक फुलत नाही, पिठूळ चव राहते. जाड दूध त्यानंतर. तास-दीड तास हात थांबवायचा नाही, नाहीतर तळाला लागतं. कडा सुटून नारळाचं तेल दिसू लागलं की वेलची, बदाम, काजू घालून थापायचा. आधीच उतरवला तर वड्या पडत नाहीत, चिकट गोळा होतो.

हल्ली पुष्कळ घरांत चिकाऐवजी कॉर्नफ्लोअर किंवा चायनाग्रास वापरतात. चायनाग्रासने काम पटकन होतं, पण वडी जेलीसारखी तुटते. चिकाचा तो लवचिकपणा येत नाही.

आणि ताटाला तूप लावायचं नाही, खोबरेल लावा. तुपाचं बोट लागलं तरी हलवा दुधाचा ठरतो आणि मटणाच्या जेवणातून उठतो.