बोलीला व्याकरण नसते, हा गैरसमज

बागलाण, कळवण, मालेगावकडून नाशिक शहरात आलेल्या कुटुंबांच्या कानी एक वाक्य हमखास पडते : अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी, तिला व्याकरण नाही. भाषाविज्ञानाच्या कसोटीवर हे विधान टिकत नाही, कारण व्याकरण म्हणजे छापील पुस्तक नव्हे, तर बोलणाऱ्याच्या मनात वसलेली आणि लहानपणी ऐकता ऐकता आत्मसात झालेली नियमव्यवस्था होय. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. मराठी त्याआधी कित्येक शतके नियमानेच बोलली जात होती.

अहिराणीचे वर्तमानकाळाचे रूप पाहावे. प्रमाण मराठीत ‘तो जातो’, ‘ती जाते’ असा लिंगभेद क्रियापदात दिसतो. अहिराणीत मात्र ‘तो जास’ आणि ‘ती जास’ अशी दोघांसाठी एकच रचना आहे. म्हणून ती सैल ठरते का? मुळीच नाही, कारण वचनाचा भेद ती काटेकोरपणे पाळते : एकासाठी ‘तो जास’, पण अनेकांसाठी ‘त्या जातस’. एकट्या माणसाबद्दल कोणी ‘तो जातस’ म्हटले, तर शाळेची पायरी न चढलेली आजीही ते तत्काळ दुरुस्त करील. ‘मना भाऊ’ (माझा भाऊ), ‘मनी बहीण’ (माझी बहीण) यांत लिंगभेदही जागच्या जागी आहे.

प्रमाण मराठी शिकणे आवश्यकच आहे. परंतु त्यासाठी घरच्या भाषेला अशुद्ध ठरवून मुलाला गप्प करणे मला अन्यायाचे वाटते. ब्रिटिशकाळातील भाषाभ्यासक ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाने तर खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांच्या खंडात स्थान दिले होते.