गावपातळीवरील हवामान अंदाज

एका ग्रामपंचायतीच्या शिवारापुरता दिलेला पाऊस, तापमान, वारा, आर्द्रता आणि ढगांचा अंदाज. भारतात ही सेवा २४ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. पंचायती राज मंत्रालय आणि भारतीय हवामान विभाग ती मिळून चालवतात. पाच दिवसांचा, तसेच तासातासाचा अंदाज ‘ई-ग्रामस्वराज’, ‘मेरी पंचायत’ आणि ‘ग्राम मानचित्र’ यांवर दिसतो.

शेतीसाठी हवामानाचा अभ्यास मात्र जुना आहे. पुण्यात १९३२ मध्ये कृषी हवामान विभाग स्थापन झाला आणि १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानवृत्त येऊ लागले. जिल्हावार अंदाज २००८ पासून मिळतो. त्यावर बेतलेला पीकसल्ला राहुरी, परभणी, अकोला, दापोली येथील कृषी विद्यापीठांमार्फत मंगळवारी व शुक्रवारी निघतो.

अनेक जिल्ह्यांच्या मोठ्या विभागासाठी दिलेला अंदाज गावाला का पुरत नाही, हे सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. घाट उतरून वाईत आले की तो हजाराच्याही आत येतो. हवामान विभागाच्या नकाशावर मात्र दोन्ही ‘मध्य महाराष्ट्रा’तच मोडतात. शिवाय ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. तेव्हा एखादे गाव कोरडे राहिले म्हणून तो अंदाज चुकला, असे होत नाही.

संगणकीय प्रारूप जमिनीचे चौकोन पाडून गणित करते. पूर्वी या चौकोनाची बाजू सुमारे १२ किलोमीटर होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ रोजी सुरू झाली आणि चौकोनाची बाजू ६ किलोमीटरवर आली. कमी दाबाच्या पट्ट्यामुळे येणारा सर्वदूर पाऊस यात बऱ्यापैकी पकडता येतो. वळवाचे तसे नाही. त्याचा ढग काही किलोमीटरांचा असतो आणि तास-दीड तासात विरतो. त्यामुळे चार दिवस आधी दिलेला वळवाचा अंदाज परिसरापुरताच घ्यावा. आपल्या बांधावर तो पडेलच असे धरू नये.

तरीही शेतकऱ्याला या पाच दिवसांचे मोल मोठे आहे. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल येईपर्यंत पेरणी करू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. झालेल्या पावसात पुढची उघडीप किती दिवसांची हे मिळवले, की दुबार पेरणीचा धोका कमी होतो. फवारणीनंतर लगेच सर आली तर औषध धुऊन जाते. फुलोऱ्यातल्या द्राक्षबागेला पावसाआधी डावणी या बुरशीजन्य रोगापासून वाचवायचे असते, काढलेला कांदा झाकायचा असतो, शेडमधला बेदाणा सांभाळायचा असतो.

अंदाज गावाचा झाला, मोजणी मात्र अजून बहुतेक ठिकाणी महसूल मंडळाची, म्हणजे अनेक गावांच्या गटाची आहे. मंडळाच्या स्वयंचलित केंद्रावर २४ तासांत ६५ मिमीहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर अतिवृष्टी मानतात. केंद्रापासून दूरच्या गावात ढगफुटीसारखा पाऊस झाला, तरी तो या आकड्यात उतरेलच असे नाही. ही उणीव मोठी आहे, कारण भरपाईची चर्चा याच आकड्यापासून सुरू होते; अंदाज कितपत खरा ठरला हेही गावात मोजल्याशिवाय कळत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने गावातच पर्जन्यमापक बसवले आहेत. तिथे दरवर्षी त्या नोंदींवरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि कोणती पिके घ्यायची ते ठरवतात.