हेडलेस सीएमएस निवडण्याआधी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“स्ट्रापी घ्यायचा की कंटेन्टफुल?” बहुतेक चौकश्या या दोन हेडलेस सीएमएसच्या नावांपासूनच सुरू होतात. आमचं उत्तर ठरलेलं: आधी तुमचा मजकूर दाखवा. काहींना ही टाळाटाळ वाटते, म्हणून कारण सांगतो.

सीएमएस म्हणजे वेबसाइटचा मजकूर भरायची आणि सांभाळायची प्रणाली. हेडलेस सीएमएस पान तयार करत नाही. तो मजकूर साठवतो आणि एपीआयमधून, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून माहिती मागायच्या वाटेने, पुरवतो. मजकूर मांडायचं काम वेबसाइट, ॲप किंवा किऑस्क आपापलं करतात. त्यामुळे जे वेगळ्या फील्डमध्ये (रकान्यात) भरलेलं नाही, ते पुढे वेगळं मिळत नाही. आणि नेमकं इथेच घोडं अडतं. उदाहरण म्हणून एका कार्यक्रमाची नोंद बघा. शीर्षकाखाली एकच मोठा रिच टेक्स्ट (फॉरमॅटिंगसह मजकुराचा मोकळा रकाना), त्यात वर्डमधून पेस्ट केलेलं सगळं: तारीख, स्थळ, शुल्क, फोटोसुद्धा. वेबसाइटवर झकास दिसतं. मग ॲप येतं आणि यादी तारखेनुसार लावायची ठरते. तारीख कुठे आहे? “येत्या शनिवारी सायं. ५ वाजता” अशी तिसऱ्या वाक्यात. ती काढायला प्रत्येक नोंद हाताने उघडावी लागते, आणि वर्डबरोबर आलेले फॉन्टचे टॅग उपसावे लागतात ते वेगळेच. सीएमएस कितीही महागाचा असो, यातून सुटका नाही.

फील्ड ठरली की निवड बरीच सोपी होते. डेटा स्वतःच्या सर्व्हरवर हवा असेल तर स्ट्रापी, डायरेक्टस किंवा पेलोड; पण अपडेट आणि बॅकअप तुमच्याच गळ्यात. एसक्यूएल डेटाबेस आधीपासून असेल तर डायरेक्टस त्यावरच बसतो. सर्व्हरची कटकट नको असेल तर कंटेन्टफुल किंवा सॅनिटी. तिथे प्लॅनमध्ये किती वापरकर्ते, किती भाषा, किती एपीआय कॉल, हे सही करण्याआधी वाचा. संपादकांचा हात वर्डप्रेसवर बसला असेल तर तोही चालतो. रेस्ट एपीआय वर्डप्रेसच्या ४.७ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, त्यात आहेच. फक्त वर्डप्रेस मजकूर एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या टॅगसकट देतो, आणि नेटिव्ह (थेट फोनसाठी बनवलेल्या) ॲपला ते पचवायला कष्ट पडतात. कंटेन्टफुल आणि सॅनिटी रिच टेक्स्ट जेसनमध्ये, म्हणजे ॲपला सहज वाचता येईल अशा रचनेत, देतात.

“पब्लिश केलं, पण साइटवर दिसत नाही,” हा फोनही नेहमीचा. स्टॅटिक साइट (पानं आधीच तयार करून ठेवलेली) असेल तर वेबहुक, म्हणजे बदल झाल्याचा आपोआप निरोप, जाऊन नवा बिल्ड होईपर्यंत, म्हणजे पानं पुन्हा तयार होईपर्यंत, जुनंच पान दिसणार. मसुद्याचा प्रिव्ह्यूही आयता मिळेलच असं नाही, फ्रंटएंडमध्ये, म्हणजे साइटच्या दिसणाऱ्या भागात, तो जोडून घ्यावा लागतो. आमच्या कोटेशनमध्ये त्याची ओळ वेगळी असते. दुसऱ्यांच्या कोटेशनमध्ये ती नसेल तर जरूर विचारा.

एकच वेबसाइट आहे आणि ॲपचा विचारही नाही, तर हेडलेस कशाला? आम्ही तसं स्पष्ट सांगतो, काम हातचं गेलं तरी.

पहिल्या भेटीला दहा खऱ्या नोंदी आणा, सर्वांत वेड्यावाकड्या असतील त्याच. मॉडेल, म्हणजे कोणत्या नोंदीत कोणती फील्ड हे, ठरवण्याचं शुल्क वेगळं आहे. पुढचं काम आम्हाला दिलंत तर ते बिलातून वजा होतं. नाही दिलंत तरी मॉडेलची फाइल तुमचीच.