लेव्हिट यांची मोजपट्टी

दीर्घिकांची अंतरं हबलने मोजली, असं आपण शाळेपासून वाचतो. मोजली खरी, पण मोजपट्टी त्याची नव्हती. ती हार्वर्ड वेधशाळेत तासाला ३० सेंटांवर काम करणाऱ्या हेन्रिएटा स्वान लेव्हिट (१८६८–१९२१) यांची.

पेरूतल्या आरेकिपा इथे घेतलेल्या काचेच्या निगेटिव्ह त्यांच्यापुढे येत. काच स्वच्छ, तारे म्हणजे काळे ठिपके. रूपविकारी तारा, म्हणजे तेज बदलणारा, शोधायला एका रात्रीच्या काचेची पॉझिटिव्ह काढून ती दुसऱ्या रात्रीच्या निगेटिव्हवर तंतोतंत बसवायची. तेज तेवढंच असेल तर काळा ठिपका पांढऱ्याला बुजवतो. मंदावलं असेल तर भोवती पांढरी कड उरते. मग ठिपक्याचा आकार पाहून प्रत ठरवायची. प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. पण रोजची हवा वेगळी, म्हणून तुलना त्याच काचेवरच्या स्थिर शेजाऱ्यांशीच करायची. दाटीत दोन ठिपके एकमेकांत मिसळले, की प्रत चुकलीच.

असे १७७७ रूपविकारी तारे त्यांनी १९०८ साली मॅगेलनच्या दोन मेघांत, म्हणजे दक्षिण आकाशातल्या दोन छोट्या दीर्घिकांत, नोंदवले. त्यांपैकी लहान मेघातल्या २५ ताऱ्यांचे आवर्तकाल, म्हणजे तेजाचा एक चढउतार पुरा व्हायला लागणारा वेळ, १९१२ साली मांडले: सव्वा दिवसापासून १२७ दिवसांपर्यंत. आवर्तकाल तिप्पट, तर तारा एका प्रतीने, म्हणजे अडीचपट तेजस्वी! दूरच्या डोंगरावरच्या गावातले दिवे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. तिथे मंद दिसणारा दिवा खरोखरच मंद असतो. मेघातल्या ताऱ्यांचंही तसंच. राशीतल्या ताऱ्यांचं मात्र तसं नाही. ते एका दिशेला दिसतात इतकंच, एकमेकांपासून शेकडो प्रकाशवर्षं दूर असू शकतात. 

आता सारख्याच आवर्तकालाचे, म्हणजे खरं तेजही सारखंच असलेले, दोन तारे घ्या. एक शंभरपट मंद दिसला, तर तो दहापट दूर. १९२३ साली देवयानी दीर्घिकेत हबलला ३१.४ दिवसांचा असा तारा (यांना सेफीड म्हणतात) सापडला आणि अंतर निघालं सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. प्रत्यक्षात ते २५ लाख आहे. सेफीड दोन जातींचे असतात आणि त्यांची तेजस्विता वेगळी, हे खगोलशास्त्रज्ञ बाडेने दाखवून दिलं तेव्हा १९५२ उजाडलं होतं.

सेफीडांचा मूळ नमुना, वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा तारा, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी महाराष्ट्रातून उत्तरेला, क्षितिजापासून साधारण ५० अंशांवर शोधा. त्याच्या शेजारचे झीटा (प्रत ३.४) आणि एप्सिलॉन (४.२) तुलनेला धरा आणि रोज ठरावीक वेळी नोंद करा. दीड दिवसात तो ३.५ पर्यंत उजळतो, पुढचे चार दिवस हळूहळू ४.४ पर्यंत उतरतो. ढगाळ दिवस गाळले, तरी दोन-तीन आठवड्यांत ५ दिवस ९ तासांचं आवर्तन तुमच्या वहीत दिसू लागेल.